भाकरीवरचा आळ

मार्गशीर्ष लागला की बारामतीच्या आसपासची गुऱ्हाळं धुरायला लागतात. हल्ली ती थोडीच उरलीत, ऊस सगळा कारखान्याला जातो. पण वारं पणदऱ्याच्या बाजूचं असलं तर संध्याकाळी आमच्या गच्चीवर उकळत्या रसाचा वास येतो आणि मला तहान लागल्यासारखं होतं. शहाऐंशी वर्षांच्या बाईला गुळाच्या वासानं तहान लागते, हे डॉक्टरला सांगायची सोय नाही. तो लगेच साखर तपासायला पाठवेल.

यंदा तो वास आला तेव्हा नातू शेजारी बसला होता. तिशीतला, पुण्यात नोकरीला. खुर्चीत बसून बसून पोट सुटलेलं. सध्या तो अर्धी भाकरी खातो आणि दहीसुद्धा इवल्याशा काट्यावर मोजून घेतो. म्हणाला, "आजी, दोन महिने झाले, वजन जागचं हलत नाही."

मी विचारलं, "आणि शनिवारी काय असतं?"

"शनिवारी मित्रांबरोबर थोडी बिअर. पण त्या रात्री मी जेवत नाही ना, म्हणजे फिटंफाट."

मी इतकी हसले की सून आतून बघायला आली. हा प्रश्न मी प्रत्यक्ष तराजूत घातलेला पाहिला आहे. एका पारड्यात माझा नवरा आणि दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा.

पन्नास ते साठच्या मधली ती वर्षं. दारूबंदी येऊन काही वर्षं झाली होती, मापं अजून शेर-पावशेरातच होती आणि कालव्याच्या पाण्यावर पणदऱ्याचा ऊस डोक्याच्या वर जात होता. माझं लग्न होऊन तिसरा हिवाळा. मी इंदापूरची, सातवी पास होऊन पणदऱ्याला नांदायला आलेली. त्यामुळे गावात माझ्याविषयी दोन मतं होती. एक, हिला लिहिता-वाचता येतं. दुसरं, म्हणजे हिला भाकरी येत नसणार. दुसरं मत मी आठ दिवसांत खोडून काढलं. पातळ, गोल, पापुद्रा टम्म फुगणारी, कडेला एक चीर नाही. तशी भाकरी आमच्या घरात अजून कुणाला जमलेली नाही, आणि मी हे उगाच लाजत सांगणार नाही. सासू-सासरे दोघंही आमच्या लग्नाआधीच गेलेले. चूल पहिल्या दिवसापासून माझी, म्हणून तिच्यावर शिजलेल्याचं कौतुकही माझं आणि बोलही मलाच.

आमचे हे पैलवान. नाव संपत. तोंडानं मी ते आजही घेत नाही, पण लिहायला कोण अडवतंय? लग्नाआधी त्यांनी पंचक्रोशीतल्या जत्रा गाजवल्या होत्या. लग्नानंतर तालीम सुटली, खुराक मात्र सुटला नाही. दोन वर्षांत पोट असं पुढं आलं की धोतराचा काचा कुठं खोचायचा हा रोज सकाळी नवा प्रश्न. मी चेष्टा करायची, "सदरा शिवायला टाकताना शिंप्याला आधी निरोप द्या, कापड मागवायला सवड मिळेल." तेही हसायचे. मग गावच्या तालमीच्या वस्तादांनी, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो, ह्यांना बोलावून घेतलं. वैशाखात नरसिंहपूरच्या जत्रेत इंदापूरच्या एका पैलवानाशी कुस्ती ठरत होती. म्हणजे माझ्या माहेरच्याच पैलवानाशी. पणदऱ्याकडून कोण उतरणार, हे ठरायचं होतं.

आमच्या गुऱ्हाळावर चिंचेच्या फांदीला ढेपा तोलायचा मोठा तराजू टांगलेला होता. तात्यांनी ह्यांना त्याच्या पारड्यात बसवलं. दुसऱ्या पारड्यात ढेपा चढायला लागल्या. तीन मोठ्या आणि वर एक लहान, तेव्हा कुठं काटा सरळ झाला.

तात्या म्हणाले, "ती ल्हान ढेप उतरली पायजे. उतरली तर नरसिंहपूरला तू. न्हाय उतरली तर लंगोट खुंटीला टांग, कायमचा."

त्या चारही ढेपा मापांनी तोलून, गोणपाटात गुंडाळून तालमीच्या माळ्यावर ठेवल्या गेल्या. मला निरोप आला, दोन्ही वेळा दीड-दीड भाकरी, उसळ, ताक. तूप नाही, गूळ नाही. मी तो निरोप वेदवाक्य मानला. गुऱ्हाळ घरचं, काहिलीत ताजा गूळ तयार होतोय, साऱ्या गावाची पोरं ऊन ऊन काकवी बोटानं चाटतायत आणि माझा नवरा समोर बसून आळणी मटकी खातोय. माझा जीव तुटायचा. तूप घातलं मात्र नाही, थेंबभरही नाही. उलट मीही त्यांच्याबरोबर तेवढंच खायला लागले, आणि माझ्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या.

तो हिवाळा आठवला की आधी आवाज आठवतो. पहाटे चरकाचा करकर आवाज आणि तालमीतून दंड थोपटल्याचा. धुकं उसाच्या शेंड्यांना लोंबकळत असायचं. रसाला भेंडीचं पाणी मारलं की मळी वर यायची आणि राणूआबा ती मोठ्या झाऱ्यानं काढून टाकायचे. ते आमचे चुलवाणे, म्हणजे काहिलीखालचं चुलवण पेटतं ठेवणारे. आयुष्यभर जाळासमोर बसून त्यांच्या भुवया कायमच्या गेल्या होत्या. चिपाडं वाळवून त्यांच्यापुढं रचायचं काम माझं. दुपारी ऊन चढलं की साऱ्या शिवाराला एक आंबूस वास यायचा. मळीला, चिपाडाला, माणसांच्या कपड्यांनाही. त्या वासात आणखी एखादा वास लपला तर कुणालाही कळणार नाही, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

संक्रांत झाल्यावर दुसरं वजन झालं. लहान ढेप उतरायचं सोडा, काटा सरळ व्हायला तिच्यावर गुळाचा एक खडा ठेवावा लागला. हे म्हणाले, "तात्या, ढेपा वाळल्यात. हलक्या झाल्यात त्या." तात्यांनी लोखंडी मापं मागवून ढेपा तोलल्या. ढेपा होत्या तेवढ्याच होत्या. दहा-बारा गडी गोळा झाले होते. तात्यांनी चिपाडाच्या ढिगाकडं बघितलं. तिथं मी उभी होते.

"सूनबाई, नवऱ्यावर माया असावी," ते म्हणाले, "पर माया तुपातनं वाढायची नसती."

सगळे हसले. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते पारड्यात मांडी घालून बसले होते आणि मान खाली होती. दुसऱ्या दिवशी कालव्यावर धुणं धुताना बायका मला तुपाचा भाव विचारू लागल्या. मला रडू आलं नाही, राग आला. मी त्या बाबतीत फार सरळ बाई आहे. जे केलं नाही त्याचा बोल मी ऐकून घेत नाही.

मग मी डोळे उघडले. घरी दीडच भाकरी खाणाऱ्या माणसाच्या सदऱ्याच्या खिशात शेंगांची टरफलं सापडली. झोप लागायची ती घोरत, पण पहाटे उठताना डोकं धरून उठायचे आणि तांब्याभर पाणी उभ्या उभ्या संपवायचे. आधी पाचशे जोर मारणारा माणूस तीनशेवर धापा टाकतोय, असं तालमीतली पोरंच बोलायची. आणि एक दिवस चिपाडाच्या ढिगामागं मला आमच्याच घरातला पितळी पेला सापडला. शेजारी तळलेल्या मिरच्यांची देठं.

मी पेला घेऊन राणूआबांपुढं उभी राहिले.

"सूनबाई, मला इचारू नगा," आबा म्हणाले. "इचारलं तर मला खोटं बोलता येत न्हाय."

"मग विचारतेच."

आबांनी सांगितलं. कालव्यापलीकडच्या बाभळीत कुणीतरी नासक्या गुळाची भट्टी लावत होता. त्यानं ह्यांच्यासमोर दगडावर थोडी दारू ओतली आणि काडी लावली. निळा जाळ उठला. तो म्हणाला, "पैलवान, जी दगडावर पेटती ती पोटात गप बसंल व्हय? चरबी जाळून राख करती ती." ह्यांना ते पटलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मेहनत झाली की एक पेला. चैन म्हणून नव्हे हो, औषध म्हणून! ती पोटात गेली की भूक खवळायची, मग मूठमूठ शेंगा, मिरच्या, कधी भजी. एवढं पोटात घालून घरी येऊन माझ्यासमोर दीड भाकरीचं व्रत.

दुसऱ्या दिवशी दुपारी चुलवणापाशी हे एकटे होते. मी पेला पुढं ठेवला. ते आधी चपापले, मग मलाच समजावायला लागले. "अगं, औषध हाय ते. चरबी जळती त्यानं. मी डोळ्यानं बघितलंय जाळ."

चुलवणात बाभळीचा जाडजूड ओंडका धुमसत होता. मी उसाच्या पाचटाची एक पेंढी आत लोटली. भडका उठला. ती संपायच्या आत दुसरी लोटली, मग तिसरी.

"काय जळतंय?" मी विचारलं.

"पाचट."

"आणि ओंडका?"

"त्यो ऱ्हाईल की तसाच. जवर पाचट हाय तवर आधी पाचटच पेटणार."

"मग रोज संध्याकाळी पोटात पाचट लोटल्यावर आतला ओंडका कधी जळायचा?"

त्यांनी वाकून ओंडक्याकडं पाहिलं. क्षणभर मला वाटलं, पटलं. पण पुरुषमाणूस, त्यात पैलवान. हसून म्हणाले, "तुला तालमीतलं काय कळतंय? तू आपली भाकरी बघ."

नातवाला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं मोबाइल काढला, काहीतरी वाचलं आणि म्हणाला, "आजी, इथंही तेच लिहिलंय. शरीर आधी दारू जाळतं, तोवर चरबीला हात लावत नाही." मी म्हटलं, बरं झालं लिहिलं, आम्हाला चुलवणात बघावं लागलं.

मी भाकरी बघायची ठरवली. तात्यांना जाऊन सगळं सांगणं सोपं होतं. पण दारू प्यालेल्याला मारुतीच्या तालमीत पुन्हा पाय ठेवू देत नसत. मी तोंड उघडलं असतं तर माझ्यावरचा आळ गेला असता आणि ह्यांचा लंगोटही. ते मला करायचं नव्हतं. जे बोलायचं ते त्यांनी बोलायला हवं होतं. मी पदर सारखा केला आणि वस्तादांच्या दारात गेले. त्यांची बायको, काकी, जात्यावर बसल्या होत्या.

"तात्या, मी तूप घालत नाही. तुम्हाला वाटतं घालते. तर शिमग्यापर्यंत ह्यांना तुमच्या चुलीवर जेवू द्या, दोन्ही वेळा. मी घोटभर ताकसुद्धा देणार नाही."

तात्या चमकले. "आगं, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतायतच, तात्या."

काकी जात्यावरून म्हणाल्या, "जेवू दे की. पोरगी खरं बोलतीया का खोटं, दिसंल."

लग्नाच्या नवऱ्याचं ताट दुसऱ्याच्या घरी. गावाला आणखी काय हवं होतं! पैलवानानं बायको टाकली, ही बातमी इंदापूरला माझ्याआधी पोचली. भाऊ बैलगाडी घेऊन आला. "चल घरी," म्हणाला. मी त्याला पोटभर जेवू घातलं, बैलांना वैरण टाकली आणि गाडी रिकामी परत पाठवली. तो गेल्यावर मात्र एकटीपुरती अर्धी भाकरी थापताना हात थांबला. मला ते समोर बसलेले हवे होते. आळणी मटकीला तोंड वाकडं करणारे, घास घेताना मध्येच माझ्याकडं बघणारे. वाटलं, हे आपण काय करून बसलो? गाडीत बसायला हवं होतं का? त्या महिन्यात एवढा एकच दिवस मी डगमगले. मग भाकरी तव्यावर टाकली आणि तिला पापुद्रा नेहमीसारखा आला.

शिमग्याच्या सकाळी पुन्हा चिंचेखाली गर्दी. हे पारड्यात बसले. तीन मोठ्या ढेपा, लहान ढेप, तिच्यावर खडा. काटा सरळ होईना. दुसरा खडा ठेवला तेव्हा झाला.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आता काकींचं तूप वाटतं!" आणि हशा पिकला. शिमग्याचा दिवस, तोंडाला धरबंध नाही. तात्या उन्हात उभे होते, साठ वर्षांचं आयुष्य त्या तालमीच्या मातीत घातलेला माणूस. त्यांचा चेहरा काळा पडला.

ह्यांनी पारड्यातून खाली उडी मारली. तिकडच्या ढेपा धाडकन जमिनीवर आल्या.

"तात्या, काकींचं तूप न्हाय," ते म्हणाले. "मी रोज पेलाभर घेतो. चरबी जळंल म्हणून घेत हुतो. माझं चुकलं."

हशा जागच्या जागी थांबला. तात्यांनी त्यांच्या मुस्कटात दिली. मी चिपाडाच्या ढिगापाशी उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता, खरं बाहेर आलं होतं, आणि माझ्याच डावानं आलं होतं. पण मला फार वाईट वाटलं. काकींवर बोट उठलं, तर ह्यांचं तोंड उघडलं. माझ्यावर उठलं होतं तेव्हा ते मान खाली घालून बसले होते. आणि आत्ताही, काकींचं तूप नाही म्हणाले. माझं नाव त्यात नव्हतंच.

संध्याकाळी तात्या स्वतः आमच्या दारात आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "सूनबाई, माझी जीभ घसरली. म्हाताऱ्याला माफी कर." मी पाया पडले. त्यांनी ह्यांना तालमीतून काढलं नाही. पंधरा दिवस कुस्ती बंद, नुसता कुस्तीचा हौदा खणायचा, लाल मातीत ताक, तेल, हळद कालवायची आणि तालीम झाडायची. अक्षय्य तृतीयेपर्यंत ढेप उतरली तर बघू, म्हणाले.

ते गेल्यावर हे चुलीपुढं येऊन बसले. म्हणाले, "चुकलं माझं."

"मला माहीत होतं ते," मी म्हटलं. "इथं मला सांगून काय उपयोग? आळ चारचौघांत आला होता."

बोलण्यात हा माणूस अगदीच कच्चा. मी दीड भाकरी वाढली. रोज वाढत राहिले. कामापुरतं बोलत राहिले. बाकी बोलणं माझ्याकडं खूप होतं, पण ते मी राखून ठेवलं.

चैत्रात ढेप हलायला लागली. आधी दोन्ही खडे गेले. मग लहान ढेपेच्या जागी तिच्याहून हलकी मापं पुरू लागली. पहाटेचं पाणी पिणं थांबलं, जोर पाचशेच्या पुढं गेले, काचा जागेवर खोचला जाऊ लागला. तीच भाकरी, तेवढीच मटकी, तेच ताक. पाचट तेवढं बंद झालं होतं. अक्षय्य तृतीयेला तात्यांनी लहान ढेप उचलून बाजूला ठेवली आणि काटा सरळ राहिला. राणूआबांनी ती ढेप फोडून साऱ्या गर्दीला वाटली. मलाही एक खडा आणून दिला.

नरसिंहपूरच्या कुस्तीचा निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी त्यासाठी अडकून राहायला नको. हे हरले. अर्धा तास झुंजले आणि माझ्या माहेरच्या पैलवानानं त्यांना चितपट केलं. कोणत्या डावावर, ते मला सांगता येणार नाही. कुस्ती सुरू झाल्यावर मला धड काही दिसतच नव्हतं, डोळे भरले होते.

ते कुस्तीच्या आधीच भरले होते. भीमा आणि नीरा जिथं एकमेकींना मिळतात तिथल्या कोरड्या वाळूत फड लागला होता. बायका फडात जात नसत, आम्ही वर घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. त्या वर्षी कर्णा लावलेला, त्यामुळे आवाज नदीपल्याड जात होता. पैलवान फडात उतरला की त्याचं गाव, त्याची तालीम आणि त्याचे वस्ताद पुकारायची पद्धत. इंदापूरच्या पैलवानाचं तसं पुकारून झालं. मग हे उतरले. माती कपाळाला लावली आणि पुकारणाऱ्याच्या कानाशी जाऊन काहीतरी सांगितलं. पुकारणाऱ्यानं त्यांच्याकडं दोनदा बघितलं. कर्णा क्षणभर खरखरला.

"पणदऱ्याचा पैलवान संपत! तालीम मारुतीची! वस्ताद तात्या! आणि खुराक... खुराक शेवंताच्या भाकरीचा! पैलवान सांगतोय, भाकरीत खोट नव्हती, खोट त्याच्यात हुती!"

हलगी कडाडली. हजारो माणसं हसली, शिट्ट्या झाल्या, फेटे उडाले. पणदऱ्याची माणसं त्यात होती, चिंचेखाली हसलेले गडी होते, कालव्यावरच्या बायका माझ्या मागच्याच पायरीवर होत्या. सासरी आल्यापासून ते नाव मला कुणी हाकेला वापरलं नव्हतं. मी सूनबाई, मी वहिनी, मी 'अगं ए'.

शेजारी कुठल्याशा गावची अनोळखी बाई बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला. "आगं बया! एवढ्या जत्रंत बायकूचं नाव? कोण गं ही शेवंता?"

"मी," मी म्हटलं.